गडावर बायकांचं काय काम?

आम्ही पुण्याच्या शनिवार पेठेतल्या बचत गटाच्या बायका. शनिवारवाडा आमच्या रोजच्या रस्त्यावर, पण गड चढलेल्या आमच्यात दोघीच. म्हणून द्राक्षांच्या दिवसांत जुन्नरला जायचं ठरवलं. लेण्याद्रीच्या गणपतीला घरून लगेच होकार, शिवनेरी म्हटलं की, "गडावर बायकांचं काय काम?" अहो, १६३० साली जिजाऊंचं बाळंतपण त्याच गडावर झालं!

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे नव्वदेक किलोमीटरचा प्रवास परवडला. ऊन चढायच्या आत गड चढा. दरवाजे सात. पाचवा ओलांडून उजवीकडे गेलं की शिवाई देवीचं देऊळ. तिथवर आमच्या दोन आज्याही बसत-बसत आल्या. वर गंगा-जमुना ही पाण्याची टाकी बघितली आणि गडावर संसार कसा चालत असेल ते कळलं. मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर आणि धूर नको. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, गर्दी फार.

उतरून एका बागेत काळी द्राक्षं घेतली. तोडणीला सगळ्या बायकाच. त्यातली एक म्हणाली, "गड रोज दिसतो, पण चढले नाही कधी." पुढच्या खेपेला तिला घेऊन जाणार आहोत.