पावसाआधीचा वारा

मे महिन्याच्या अखेरीस दांडी, उच्छेळी, नवापूरच्या किनाऱ्यावर दुपारचे काळे ढग चढू लागले, की जाणती माणसं वाळत घातलेली मासळी आधी उचलतात. पाऊस लांब असतो, वारा त्याच्या पुढे धावतो. वैमानिक धास्तावतो तो याच वाऱ्याला.

विजेचं भय बरंचसं आपल्यासारख्या जमिनीवरच्यांचं. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा वीज पडतेच. ती धातूच्या कवचावरून वाहून जाते आणि आतली माणसं बहुधा सुखरूप राहतात. घात करते ती ढगातून खाली कोसळणारी थंड हवा. जमिनीवर आदळून ती चहूकडे पसरते. उतरतं विमान तिच्यात शिरलं, की आधी समोरून वारा लागतो आणि विमान उचललं जातं. वेग वाढलासं वाटून वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो, तोच काही सेकंदांत वारा पाठीमागून येतो. वेग पडतो, विमान खाली बसतं आणि सावरायला उंचीच उरलेली नसते. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डलासला डेल्टा कंपनीचं विमान असंच धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. १३७ माणसं गेली. अशा झोताचा माग दहा वर्षांपूर्वीच, न्यूयॉर्कच्या एका अपघातावरून, टेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञानं काढला होता. पुष्कळांना तेव्हा ते पटलं नव्हतं.

मग ढगावरूनच का जात नाहीत? आपल्याकडच्या गडगडाटी ढगाचा माथा पंधरा किलोमीटरच्याही वर जातो आणि प्रवासी विमान उडतं दहा-बारा किलोमीटरवर. म्हणून वळसाच घ्यायचा, तोही मोठ्या ढगापासून वीस सागरी मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर लांबून. दांडीहून डहाणू ओलांडून बोर्डीकडे जावं, एवढं हे अंतर. विमानाच्या नाकातलं रडार पाऊस दाखवतं खरं, पण दाट सरीमागे काय दडलंय ते त्यालाही नेहमी दिसत नाही.

१ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं विमान उतरताना असल्याच हवेत सापडलं आणि आतली माणसं जखमी झाली. पट्टा बांधा म्हटलं की बांधावा, मग खिडकीबाहेर ऊन का असेना.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचं वादळ आलं, तेव्हा विमानतळ तासाभराहून जास्त बंद ठेवला, पंधरा विमानं दुसरीकडे वळवली. अडकलेले प्रवासी कुरकुरले असणारच. त्याच वाऱ्यानं घाटकोपरला पडलेल्या जाहिरात फलकाखाली सतरा माणसं गेली.