चाप आणि बोट



'घोडा दाबला' असे आपण बोलण्यात सर्रास म्हणतो, आणि पहिली गफलत तेथेच होते. बोट ज्यावर असते तो चाप; मागे उचलला जाऊन पुढे आदळतो तो घोडा. या दोहोंचे नाते कळले की रिव्हॉल्व्हरचे पुष्कळसे कळले.

अमेरिकेत सॅम्युअल कोल्टने १८३६ साली पेटंट घेतले, त्या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर वेळी अंगठ्याने उचलावा लागे. चापाने तो फक्त सुटे. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ मध्ये उचलण्याचे कामही चापाकडे दिले, आणि १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दोन्ही सोयी एकत्र आणल्या. तेव्हापासून एकच बोट चकरी फिरवते, घोडा उचलते आणि सोडते. इतक्या कामांचा चाप जड असायचाच.

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम. स्त्रियांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. हलके ते सोपे, हा समज मात्र आम्हांस मान्य नाही. या जातीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांचा चाप ओढायला साधारणपणे चार-पाच किलोंचा जोर लागतो. अर्ध्या किलोची वस्तू हाती धरून तिच्याच एका भागावर आठ-दहा पट जोर लावायचा. मग नळी हलेल नाही तर काय! त्यात नळी आखूड, त्यामुळे नेमातली लहानशी चूक दहा पावलांवर मोठी होते. नवशिका शेवटी वैतागून हिसका देतो, आणि गोळी भलतीकडे जाते.

यावर उपाय रिकाम्या शस्त्राचा सराव. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, चकरी उघडून डोळ्यांनी आणि बोटानेही तपासावी, आणि गोळी आरपार जाणार नाही अशा भिंतीकडेच नळी धरावी. जुन्या बनावटीत खोटी काडतुसे घालावीत, म्हणजे आतली सुई तुटत नाही. मग नळीवर एक नाणे ठेवून चाप सावकाश, न थांबता ओढावा. नाणे पडले नाही, तर बोट एकटेच हलले, बाकीची मूठ स्वस्थ राहिली. पुष्कळांना बोटाच्या टोकापेक्षा पहिल्या पेराच्या सांध्याने ओढणे जमते. ओढण्याइतकेच सोडणेही शिकावे लागते, आणि हे कोणी सांगत नाही! चाप पुरता पुढे येऊ न देता पुन्हा ओढला, तर यंत्र अडकते किंवा चकरी नुसतीच सरकते.

काही हौशी मंडळी कारागिराकडून कमान ढिली करून घेतात. चाप लोण्यासारखा होतो खरा, पण घोड्याचा घाव हलका पडून काडतूस पेटतच नाही. अंगठ्याने घोडा आधीच उचलून ठेवण्याची युक्तीही संकटात वाईट. मग चाप इतका हलका होतो की भ्यालेला हात नकळत गोळी झाडतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच; २०१६ च्या नियमांत सुरक्षिततेचे प्रशिक्षणही आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही स्वसंरक्षणाचा अधिकार धोक्याची वाजवी भीती असेपर्यंतच आहे. समोरचा माणूस पाठ फिरवून पळू लागला, की तो अधिकार बहुधा तेथेच आटोपतो. अशा वेळी अर्ध्यावर आलेला जड चाप थांबवता येतो. म्हणून सरावात काही वेळा मुद्दाम अर्ध्यावर थांबावे, चाप हळूच पुढे जाऊ द्यावा, आणि बोट काढून बाहेर, चौकटीच्या कडेला सरळ ठेवावे.