चार हात, दोन आकार

आज कोऑर्डिनेशन कंपाउंड. मधोमध धातू आणि त्याला बिलगलेले लिगंड. प्रश्न एवढाच, की याचा आकार ओळखायचा कसा?

शिकवताना मला एक सवय सारखी दिसते. अकरावीतला व्हीएसईपीआर पोरं इथेही लावतात. चार जण जोडलेत ना, मग टेट्राहेड्रल, विषय संपला! मिथेनला हे चालतं. निकेल, प्लॅटिनमला नाही, कारण तिथे डी ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन मध्ये पडतात.

निकेलच घ्या. चार क्लोराइड जोडले की टेट्राहेड्रल, चार सायनाइड जोडले की स्क्वेअर प्लेनर. दोन्हीकडे निकेल अधिक दोनच, डीमध्ये आठच इलेक्ट्रॉन. फरक लिगंडच्या जोराचा. सायनाइड जबरदस्त, तो इलेक्ट्रॉनांना जोड्या करायला लावतो. त्यामुळे एक डी ऑर्बिटल मोकळं होतं, डीएसपी२ संकरण होतं आणि आकार सपाट येतो. क्लोराइड बिचारा मवाळ. तिथे दोन इलेक्ट्रॉन एकेकटेच राहतात, म्हणून एसपी३. खरं-खोटं चुंबक सांगतं: क्लोराइडवालं ओढलं जातं, सायनाइडवालं नाही.

पण थांबा, परीक्षेत इथेच फसवतात. चार कार्बन मोनॉक्साइडवालं निकेलही चुंबकाकडे ओढलं जात नाही, तरी ते टेट्राहेड्रल! कारण तिथे निकेलचा ऑक्सिडेशन नंबर शून्य. डीमध्ये दहाच्या दहा इलेक्ट्रॉन, मोकळं ऑर्बिटल उरतच नाही. म्हणून आधी ऑक्सिडेशन नंबर, मग डी इलेक्ट्रॉन, मग लिगंड. हा क्रम मोडू नका. प्लॅटिनम अधिक दोनला मात्र क्लोराइडसुद्धा पुरतो, तो सपाटच.

आता माझा आवडता भाग. १८९३ मध्ये आल्फ्रेड वर्नरने हे आकार सुचवले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. मग कशाच्या जोरावर? निव्वळ मोजणीच्या! प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड जोडा. आकार टेट्राहेड्रल असेल, म्हणजे चुलीचे तीन दगड आणि वर चौथा, तर प्रत्येक जण प्रत्येकाचा शेजारीच. संयुग एकाच प्रकारचं मिळायला हवं. पण प्रत्यक्षात मिळत होती दोन, गुणधर्म वेगवेगळे. रांगोळीचे चार ठिपके चौकोनात काढा म्हणजे कळेल. दोन क्लोराइड शेजारी-शेजारी, नाहीतर समोरासमोर. म्हणजे रेणू सपाट! १९१३ साली वर्नरला नोबेल मिळालं.

हे फक्त मार्कांपुरतं आहे असं वाटत असेल तर पुढचं ऐका. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांनी प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून जीवाणूंच्या द्रावणात वीज सोडली. जीवाणू लांबच लांब वाढले, पण त्यांचं विभाजन थांबलं. कारण वीज नव्हतीच, इलेक्ट्रोडमधून सुटलेलं प्लॅटिनम होतं. त्यातूनच शेजारी-शेजारी क्लोराइडवाल्या संयुगाकडे लक्ष गेलं. तेच सिस्प्लॅटिन. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला कॅन्सरवरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. वृषणाच्या कॅन्सरमध्ये तर त्याने चित्रच पालटलं. पेशीत शिरल्यावर क्लोराइड सुटतात आणि त्या दोन शेजारच्या जागांनी प्लॅटिनम डीएनएच्या लगतच्या दोन ग्वानिनना धरतं. डीएनए तिथे वाकतो, पेशी मरते. समोरासमोरवाल्या भावाला ही पकड जमत नाही. अणू तेच, संख्या तीच, पण औषध म्हणून त्याचा उपयोग नाही.

जाता जाता एक गृहपाठ. कोबाल्टला चार अमोनिया आणि दोन क्लोराइड. असं संयुग दोनच रंगांत मिळतं, हिरवं आणि जांभळं. आता कागदावर सपाट षटकोन काढा, त्यात क्लोराइड किती प्रकारे बसतात ते मोजा. मग ऑक्टाहेड्रल काढून पुन्हा मोजा. वर्नरने काय ठरवलं असेल, ते तुम्हीच सांगा.