१,४२,८५७ : लेखनातले गुण आणि संख्येतले गुण

आज एकच संख्या समोर ठेवतो : १,४२,८५७. ती विषम आहे आणि संयुक्त आहे; २७, ११, १३ आणि ३७ यांचा तो गुणाकार. तिला ३२ विभाजक आहेत, आणि तिला स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज १,१२,५०३ भरते. बेरीज संख्येहून कमी, म्हणून प्राचीन ग्रीक गणिती निकोमॅकसच्या वर्गवारीत ती ‘न्यून’ ठरते. हे गुण तिचे स्वतःचे आहेत. ती कुठल्याही पद्धतीत लिहा, ते टिकतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी मात्र आणखी काही वर्ग कल्पिले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. इथे अंकांची बेरीज २७, आणि भाग जातो. पण हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की तिच्यात सात वेळा १ येतो, आणि ७ने तिला भाग जात नाही. हर्षदपण संपले! मग तो गुण संख्येचा म्हणायचा, की आपल्या हाताच्या दहा बोटांचा?

हा आक्षेप किरकोळ नाही. गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणे घेतली. या संख्या स्वतःच्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत : ८७१२ म्हणजे २१७८ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ची नऊपट. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, त्यांचे व्यापक सामान्यीकरण होत नाही, असे त्यांचे मत. त्यांची कसोटी मला मान्य आहे, आणि तीच कापरेकरांच्या कामाला लावून पाहू. १,४२,८५७चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १,४२,८५७! अशी संख्या ती कापरेकर संख्या. हा योगायोग नव्हे. ९,९९,९९९ म्हणजे ७ गुणिले १,४२,८५७, आणि १,४२,८५६ला ७ने भाग जातो. त्यामुळे वर्गातून मूळ संख्या वजा केली की ९,९९,९९९ची नेमकी २०,४०८ पट उरते. दहा लाखांऐवजी ९,९९,९९९ घेतले, तेव्हा राहिलेला एकेक मिळून डावा तुकडा उजव्यात मिळतो. बेरजेचे सगळे रहस्य एवढेच.

आता ९,९९,९९९ची फोड १३ आणि ७६,९२३ अशी करा. या दोघांत सामाईक अवयव नाही. ७६,९२३ची सातपट ५,३८,४६१. तिच्यातून १ वजा केला की १३ने भाग जातो. तिचा वर्ग २८९९४०२४८५२१, आणि २,८९,९४० अधिक २,४८,५२१ म्हणजे पुन्हा ५,३८,४६१. प्रत्येक कापरेकर संख्या ९, ९९, ९९९ अशा एखाद्या संख्येच्या अशाच फोडीतून येते, हे डग्लस इयानुची यांनी २००० साली सिद्ध केले. पाया १२ घेतला तर संख्या वेगळ्या मिळतील, युक्तिवाद तोच चालेल. हर्षद संख्यांचेही तसेच. लागोपाठच्या वीसहून अधिक संख्या हर्षद असू शकत नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३मध्ये दाखवले. वर्षभरात ग्रंडमन यांनी ते कोणत्याही पायाला लागू केले, आणि मर्यादा पायाच्या दुप्पट निघाली.