माल आपला, नावही आपलं



चप्पल शिवतं कोण आणि पैसा जातो कुणाच्या गल्ल्यात, हा साधा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

कोल्हापुरी चपलेचंच बघा. बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिवण, सगळं हातानं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. तरीही जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव नव्हतं. ओरड झाली, मग कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. ज्याचा हात, त्याचंच नाव पुसलं जातं, ते असं.

इंटरनेटचा उपयोग इथेच आहे. व्यापाऱ्याला माल देणाऱ्या कारागिराला आपलं गिऱ्हाईक कोण, हेच ठाऊक नसतं. मग भाव तरी तो कसा ठरवणार? २०१८ साली आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचा फोटो आणि किंमत टाकता येते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे पैसे थेट खात्यात येतात. पार्सल पोस्टातून जातं. पुण्यातलं गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून माप काढतं नि फोटो पाठवतं!

पण भाबडेपणा नको. मोठ्या संकेतस्थळावर विकाल तर कमिशन द्यावं लागू शकतं, परत आलेल्या मालाचा खर्चही अंगावर येऊ शकतो. मधला माणूस गेला नाही, त्याने सदरा बदलला. तिथे विकायला पूर्वी लहान विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात, ठरलेल्या उलाढालीच्या आत माल विकणाऱ्याला त्यातून सूट आहे. जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. आणि पक्कं ध्यानात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितलं, तर तो लुबाडायलाच बसला आहे.

आपल्या वस्तीत गोधडी शिवणाऱ्या, पापड लाटणाऱ्या आया-बहिणी आहेत. घरोघरी शिकलेली मुलं-मुली आहेत. त्यांनी फोटो काढावा, पत्ता लिहावा, हिशेब वहीत मांडावा. आणि प्रत्येक पार्सलवर बनवणारीचं नाव ठळक लिहावं. आजवर तेच राहून गेलं आहे.