आईच्या वहीला लाल शाई

(दहिसरच्या एका विहारात, आयांच्या लेखनवर्गाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना पोरांनी विषय दिला होता, 'दलित स्त्री-आत्मकथनांची सामाजिक पार्श्वभूमी'. विषय भारी आहे. त्याच्यावर कॉलेजात पेपर वाचला की टाळ्या मिळतात, वर चहा मिळतो. पण ज्यांच्याविषयी बोलायचं त्या इथं समोर बसलेल्या, आणि आपण त्यांच्या डोक्यावरून 'पार्श्वभूमी' फेकायची, हे मला जमणार नाही. मी एका वहीबद्दल बोलणार आहे. शंभर पानी वही. पुठ्ठ्यावर नाव नाही. वही माझ्या आईची.

हे बोलायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिनं एकच अट घातली. म्हणाली, "माजं सांगतूस तर तुजं बी सांग." तर ऐका.

हा वर्ग सहीसाठी सुरू झाला. रेशनला आता शिकल्या-सवरलेल्याचाही अंगठाच लागतो, मशीनवर. पण बँकेत स्लिपवर शाईचा अंगठा उठवताना मागं रांगेतली माणसं बघतात. ती नजर आयांना नको होती. म्हणून गुरुवारी रात्री नऊला, टॉवरमधली धुणीभांडी करून, घरची चूल आवरून, या बायका विहारात यायला लागल्या. तीन महिन्यांत सही आली. आईनं सही गिरवली तेव्हा घरात गोडाचा शिरा झाला.

मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत गेल्या. फोटो जगभर गेले. चांगलंच झालं. पण मित्रांनो, सही म्हणजे काय? कागद दुसऱ्याचा, मजकूर दुसऱ्याचा, खाली नाव आपलं. 'वरील सर्व मान्य आहे.' आमच्या आयांनी जन्मभर तेच केलं आहे. स्वतःचा मजकूर स्वतः लिहिणं ही निराळी गोष्ट आहे. तिथून खरी भानगड सुरू होते.

एका गुरुवारी वर्ग घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "आता नाव-पत्ता पुरे. तुमच्या आयुष्यातला एक दिवस लिहा." माझ्या आईनं २६ जुलै २००५ लिहिला.

तो दिवस सरकारनं पण लिहिला आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. तुळशी तलावाकडनं, नॅशनल पार्कातनं येणारी आपली दहिसर नदी त्या दिवशी वस्तीत शिरली. आम्ही तेव्हा नदीकाठी राहायचो. मी सहा वर्षांचा. मला आठवतो तो फक्त काळोख. आईनं काय लिहिलं, ते तिच्याच शब्दांत वाचतो:

"पानी छातीला लागलं तवा पोराला पदरानं पाठीला बांदला. एक हात मोकळा व्हता. बाबासायेबांचा फोटू घ्यावा का तांदूळ घ्यावा ह्ये सुचंना. मी तांदूळ घेतला. बाबासायेब मला रागावनार न्हाईत. त्येस्नी भूक म्हाईत हाय."

बघा. ९४४ मिलिमीटरमध्ये हे कुठं मावतं?

पण मी तेव्हा काय केलं? मी चळवळीतला. दोन-चार पुस्तकं वाचलेला. मी लाल पेन घेतला. 'पानी'चं 'पाणी' केलं. 'माज्या'चं 'माझ्या' केलं. 'तवा' खोडून 'तेव्हा'. आणि फोटोच्या ओळीभोवती गोल करून बाजूला लिहिलं, 'हे काढून टाक. चुकीचा संदेश जातो.'

पुढचं पान उलटलं. तिथं लिहिलं होतं की अण्णा मोर्चावरनं आले की जेवायला उशीर झाल्यावर तिला मारायचे. निळं निशाण दाराआड ठेवायचे आणि मग मारायचे. चार ओळी. त्या चार ओळींवर मी आडवी रेघ मारली. समासात काही लिहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं वही बघितली. काही बोलली नाही. दोन महिने ती वर्गाला गेली नाही.

मी लोकांना सांगत होतो, मी शुद्धलेखन तपासलं. खोटं. मी ते पान पुरत होतो. शुद्धलेखन हा नुसता बहाणा होता. हजारो वर्षं हेच झालं आहे. कधी म्हणाले, तुला अक्षराचा अधिकार नाही. अक्षर मिळालं तर म्हणाले, तुझं अक्षर अशुद्ध. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. आणि मी, त्या जाळाचा वारस म्हणवणारा, आईच्या वहीवर लाल पेन घेऊन बसलो होतो.

मग मी पुस्तकं पुन्हा काढली. आधी पेपरासाठी वाचली होती, आता वेगळ्या डोळ्यांनी वाचली.

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक अरुण कांबळे. त्यांचं नाव आपण घेतो. त्यांच्या आईचं नाव किती जणांना माहीत आहे? शांताबाई कांबळे. शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या. १९८३ मध्ये ते 'पूर्वा' मासिकात आलं, १९८६ ला पुस्तक झालं, पुढं दूरदर्शनवर त्याची 'नाजुका' मालिका झाली. पुस्तकाचं नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा'. माझ्या नव्हे, माज्या. जन्माची नव्हे, जल्माची. जन्मभर पोरांना शुद्धलेखन शिकवलेल्या मास्तरणीला बरोबर कसं लिहायचं ते ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं. जलम जसा जगला तसाच त्यांनी लिहिला.

आणि बेबी कांबळे. फलटणच्या. शिक्षण चौथीपर्यंत. छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायच्या, वेळ मिळेल तसं लिहायच्या. आणि लिहिलेलं वीसेक वर्षं लपवून ठेवलं. कुणापासून? पाटलापासून नाही, पोलिसापासून नाही. नवऱ्यापासून आणि मुलापासून. 'स्त्री' मासिकात ते छापून आलं, १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. त्यात महारवाड्याची भूक आहे, सासुरवास आहे, बाळंतपणात तडफडणारी पोर आहे. पण नवऱ्यानं त्यांना स्वतःला मारल्याचं त्यात नाही. ते त्यांनी पुढं मुलाखतीत सांगितलं. म्हणजे लपवून लिहिलेल्या वहीतसुद्धा एक पान लिहिलंच गेलं नाही. ते पान कुणाच्या धाकानं राहिलं? आपल्याच.

आपल्या कवितेत आई फार आहे. मोळी वाहणारी, शेण थापणारी, पोरासाठी उपाशी राहणारी. आपण तिला स्टेजवर नेतो, टाळ्या आपण घेतो. पण कवितेतली ती आई स्वतः बोलत नाही. आपण बोलतो. ती फक्त वाहते, आधी मोळी, मग आपली कविता.

आई बोलायला लागते तेव्हा विषय बदलतो. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं, कोवळ्या वयाच्या पोरीनं, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्म, सत्ता, छळ सगळं त्यात आहे. आणि त्यातच ती आपल्या बायकांना डोक्यावर छप्पर नसताना बाळंत व्हावं लागतं हेही सांगते. हे पुरुषाच्या लिहिण्यात पहिल्यांदा येत नाही. एकशे तीस वर्षांनी बेबीताईंच्या पुस्तकात पुन्हा बाळंतिणीचीच भूक. आयांच्या लिहिण्याचा धागा असा चालत आलाय. ऊर्मिला पवारांनी २००३ साली आत्मकथन लिहिलं, नाव दिलं 'आयदान'. आई बांबूची आयदानं विणायची. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं एकाच जातीचं आहे, हे त्या लेकीनं ओळखलं. आपण लेकांनी अजून ओळखायचं आहे.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, साथी, घरातलं चव्हाट्यावर कशाला? उद्या सवर्ण पेपरवाले म्हणतील, बघा, यांच्यातच बायकांना मारतात. मी सांगतो, मारतातच. आणि त्यांच्या टॉवरमध्येही मारतात. तिथं दारं जाड असतात, एवढंच. आमच्या आया तिथंच भांडी घासतात, त्यांना विचारा. जातीची लढाई मारणाऱ्याला पाठीशी घालून मजबूत होत नाही. १९८४ साली मलिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं. पँथरच्या एका संस्थापकाबरोबरच्या संसाराची ती कहाणी. तेव्हा पुष्कळांच्या पोटात दुखलं. पण चळवळ त्या पुस्तकानं मेली नाही. चळवळ मरते ती गप्प बसवण्यानं.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. हजारो बायका आल्या, पोरं कडेवर घेऊन आल्या. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागं हिंदू कोड बिल रखडवल्याचं मोठं कारण होतं. बाईच्या हक्कासाठी ज्यांनी खुर्ची सोडली, त्यांच्या नावानं आपण बाईला गप्प करतो? बाबासाहेबांच्या चळवळीत या बायका होत्या, पण त्यांची नोंद नव्हती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून दारोदार फिरल्या, म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं, आणि १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' निघालं. तोवर कित्येक जणी न सांगताच गेल्या होत्या. आपल्या वस्तीत अशा किती गेल्या, मोजा.

म्हणून पोरांनो, तुमच्याकडनं मला काही गोष्टी पाहिजेत. ठराव नकोत, साध्या गोष्टी.

गुरुवारी रात्रीची भांडी तुम्ही घासायची. आई वर्गाला जाणार म्हणून तिनं संध्याकाळी दुप्पट राबायचं, हा वर्ग नव्हे, शिक्षा आहे.

आईच्या वहीला लाल शाई लावायची नाही. ती 'पानी' लिहिते तर 'पानी'. शुद्धलेखन तिला शिकायचं असेल तर ती विचारील. तेव्हा सांगायचं.

वही तिची. तिनं दाखवली तर वाचायची. आपल्या अंकात छापायचं तर तिला विचारून, तिच्या नावानं, आणि पूर्ण. 'चुकीचा संदेश जातो' म्हणून एकही ओळ गाळायची नाही. ती नको म्हणाली तर पान कोरं गेलं तरी चालेल.

आणि लिहिलेलं अंगावर आलं तर पळायचं नाही. मी ते पान अण्णांना वाचून दाखवलं, आईला विचारून. ते काही बोलले नाहीत. चप्पल घालून बाहेर गेले, रात्री उशिरा आले. त्यांच्या मनात काय चाललंय मला माहीत नाही. मी तुम्हाला गोड शेवट विकायला आलेलो नाही.

आई परत कशी आली, ते सांगतो. मी माफी मागितली, तिनं ऐकलं न ऐकलं. मग एक दिवस शांताबाईंचं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. तिनं बोट ठेवून नाव वाचलं. माज्... ज्या... जल्... माची. दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या बाईनं बी माज्याच लिवलंय की. आता ह्येला बी लाल शाई लावतूस का?"

त्या गुरुवारी ती वर्गाला गेली. नवी वही आणली. या वहीच्या पुठ्ठ्यावर तिनं पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं. वही पिठाच्या डब्यात असते, मला ठाऊक आहे. मी ती उघडलेली नाही. बेबीताईंना घरातल्यांपासून लपवावं लागलं. माझ्या आईला डब्यातनं वही बाहेर काढून ओट्यावर ठेवावीशी वाटेल, असं घर मला करायचं आहे. अजून झालेलं नाही.

पोरांनो, मी पुष्कळ बोललो. आयांवर भाषण ठोकून मी पुन्हा तेच केलं. आता मी खाली बसतो. माईक सतरंजीकडं द्या. ज्यांना वाचायचं असेल त्या वाचतील.

जय भीम.