साठी बुद्धी नाठी?
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



घरातील वडीलधारा पाय घासत चालू लागला, विसरू लागला, की आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. माझ्या नानांच्या बाबतीत आम्हीही तेच केले. पुढे लघवीवर ताबा राहीना, म्हणून लाजेपोटी त्यांनी मशिदीत जाणे सोडले, तेव्हा आम्ही जागे झालो.

या तीन खुणा एकत्र दिसल्या तर 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस' या दुखण्याची शंका घ्यावी. यात मेंदूतील पोकळ्या पाण्याने फुगतात, पण दाब मोजला तर नेहमीएवढाच भरतो. कोलंबियाचे डॉक्टर सालोमोन हाकीम यांनी १९६५ साली हे दुखणे जगापुढे मांडले. जादा पाणी पोटात उतरवणारी नळी बसवली, तर अनेक रुग्णांची चाल सुधारते.

खरी अडचण निदानाची आहे. पोकळ्या मोठ्या झाल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसते. पण वयामुळे मेंदू आकसला तरी त्या मोठ्याच दिसतात. म्हणून कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चाल सुधारते का, हे पाहतात.

नानांना पहिल्या ठिकाणी पाणी काढल्यावर खोलीत चार पावले चालवले आणि 'फरक नाही' असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी पाणी काढण्यापूर्वी व नंतर तेच दहा मीटर चालवून सेकंद आणि पावले मोजली. तेव्हा फरक दिसला.

शिक्षक बंधूंनो, सहामाही परीक्षा तोंडी आणि वार्षिक लेखी घेतली, तर मुलगा पुढे गेला की मागे, हे कसे ठरवणार? इथेही तोच न्याय. जपानमध्ये २००४ साली आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर २००५ साली निदानाचे नियम तयार झाले. तरीही किती अंतर चालवावे, किती तासांनी पाहावे, किती फरकाला सुधारणा म्हणावे, यावर अजून एकमत नाही. शिवाय या चाचणीत फरक न दिसलेल्या काहींनाही नळीने गुण येतो.

नियम ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे. पण मोजणे आपल्या हाती आहे. घरातील वडीलधाऱ्यांची चाल बिघडली, तर तेच अंतर, तीच चप्पल, तीच वेळ ठेवून सेकंद मोजा व वहीत लिहा. बीबीहून शहरातील डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.

नानांचे विसरणे पुरते गेलेले नाही. पण काठी टेकत ते पुन्हा मशिदीत जातात. आमच्या घराला एवढे पुरे आहे.